उरलेले बावीस टक्के

"बेरीज चुकतेय," मदतनीस थुई म्हणाली. "झिर्कोनियम, टायटॅनियम, तांबं, निकेल. सगळं मिळून अठ्ठ्याहत्तर टक्केच. बाकीचे बावीस कुणी खिशात घातले?"

रोवेनाने पडद्याकडे पाहिलं. वितळलेला धातू झटकन थंड केला, तर कधीकधी त्याचे अणू रांगा लावायच्या आधीच गोठतात आणि धातूची काच होते. कोणत्या मिश्रणाची होईल, हे आधीच सांगणारा हा प्रोग्रॅम तिने आणि डेसने मिळून लिहिला होता. बेरिलियम घातलं की काच हमखास जमायची. त्याच बेरिलियमच्या धुळीने डेसची फुप्फुसं खाल्ली. तो गेल्यावर रोवेनाने प्रोग्रॅममधून बेरिलियम काढून टाकलं आणि त्याच्या बायकोला शब्द दिला, की त्याची काच मी या विषाशिवाय करून दाखवीन.

ती बायको, मार्ज, आज समोरच स्टुलावर बसली होती. मांडीवर लॅमिंग्टन केकचा डबा होता. उद्या ही भट्टी दुसऱ्यांकडे जाणार होती.

थुईने रिकाम्या जागी ॲल्युमिनियम भरून पाहिलं. प्रोग्रॅम म्हणाला, काच होणार नाही. लोखंड भरलं, चांदी भरली. नाहीच. जागा रिकामी ठेवली की लगेच, होईल.

"बिघडलंय ते," रोवेना म्हणाली. डेसच्या मिश्रणात बेरिलियम नेमकं बावीस टक्केच असायचं, हे ती बोलली नाही.

"बिघडलंय कसलं? हट्टाला पेटलंय," मार्ज म्हणाली. "डेसही असलाच होता. ओत गं पोरी! वुलनगाँगच्या उन्हात बसचे धक्के खात आलेय, ती काय तुमच्या भिंती बघायला?"

थुईने चार धातू तोलले, अठ्ठ्याहत्तर ग्रॅम. भट्टी बंद झाली, आतली हवा काढून आरगॉन वायू भरला, विजेचा लोळ पेटला. रस पाचरीच्या आकाराच्या तांब्याच्या साच्यात उतरला आणि पापणी लवायच्या आत गार झाला.

रोवेनाने पाचर पकडीत धरून हातोडा घातला. पाचरीचे दोन तुकडे झाले. मोडलेल्या जागी साखरेसारखा दाणा दिसला असता तर काच झालीच नाही, खेळ खलास. दाणा कुठेच नव्हता. त्या मोडलेल्या चकचकीत भागात तिला स्वतःचा डोळा दिसला. भीती वाटायला हवी होती, पण तिला रडूच फुटलं.

"झालं, मार्ज! त्या विषाशिवाय झालं!"

मार्जने लहान तुकडा उचलला आणि ती खिडकीकडे गेली.

मोठा तुकडा थुईने तराजूवर ठेवला. ओतल्यावर वजन करायचंच, आतलं काही उडून गेलं का ते कळतं. आकडा बघून तिने तुकडा उचलला, तराजू पुसला, पुन्हा ठेवला.

"रोवेना, इकडे ये."

"कमी भरतंय का?"

"नाही. अठ्ठ्याहत्तर. या एकट्या तुकड्याचं. आपण घातलं ते सगळं इथंच आहे. मग तो लहान तुकडा कशाचा?"

रोवेना गर्रकन वळली. "मार्ज, ठेवा तो खाली! हात लावू नका त्याला!"

मार्जला ऐकू गेलं नसावं. तुकडा तिने ओठांजवळ धरला होता, आणि धूळ झटकायला डेस आयुष्यभर मारायचा तशी तिने त्याच्यावर फुंकर मारली. उन्हात काहीतरी बारीक चमकत वर आलं. ती हसली, आणि पुढच्या फुंकरीसाठी तिने छाती भरून श्वास घेतला.