शतावरीची अर्धी वाटी

“पी गो, नाक दाबून पी,” म्हणत ठमाबाईनं वाटी सुनेपुढं, तुळसापुढं केली. पोर व्हावं म्हणून शतावरीची मुळी दुधात उकळलेली. रोज आधी अर्धी वाटी ठमाबाई स्वतः प्यायची, तुळसाच्या देखत. सासूनं सुनेला काहीबाही पाजलं, असं गावानं म्हणायला नको!

गाव कसलं ऐकतंय? डोंबिवलीला नवं ठेसन झालं त्या साली तुळसा नांदायला आली, त्याला चार वर्षं झाली, अजून कूस उजवली नव्हती. महिन्याच्या महिन्याला ती मागच्या पडवीत वेगळी बसली की विहिरीवरच्या बायका विचारायच्या, “काय गो ठमे, बसली का परत?” लाजेनं ठमाबाईचा जीव अर्धा व्हायचा. आपल्याला सोळाव्या वर्षी गोविंदा झाला, हिलाच काय धाड भरलीय?

“गणपतीपर्यंत बघू,” ठमाबाईचा नवरा दगडू मिठागरावरून येऊन म्हणाला, “नाय तर पोराचं दुसरं लगीन. ही जाईल माहेरी.” तुळसानं खाली मान घालून ऐकलं.

ठमाबाईचं स्वतःचं बसणं शिमग्यापासून थांबलं होतं. चाळिशी आली, सुटले बाई एकदाची, असं म्हणून ती मोकळी झाली. त्या मुळीनं मळमळायचं, पोट जड व्हायचं. पण सुनेसाठी तेही सोसलं.

आषाढात तुळसाचे चार दिवस वर गेले. ठमाबाई अशी हरखली की सुईण हौसाबाईला बोलवायला जाता जाता दिसेल तिला सांगत सुटली. ओटीवर बायकांची ही गर्दी!

हौसाबाई तुळसाला तपासून बाहेर आली. “नाय गो. नुसता उशीर झालाय.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. ठमाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुठं तोंड लपवावं कळेना.

“बस झालं,” ती ओरडली. “उद्याच खोपटा गावाला जाऊन गोविंदासाठी त्या रतनला मागणी घालते. हिला पाठवा माहेरी!”

तुळसा दारात मुसमुसत होती. ठमाबाईला आणखी बोलायचं होतं, पण ढवळून आलं. खांब धरून ती भडभडा ओकली. हौसाबाईनं तिला कमरेत धरून सावरलं. सावरता सावरता तिचा हात पोटावर थांबला. तिनं नीट चाचपून पाहिलं.

“सुनेला कुठं पाठवतेस गो ठमे?” हौसाबाई म्हणाली. “मार्गशीर्षात तुझं बाळंतपण कोण करणार?”