काबूलचं बोलावणं

“बोलावलं म्हनून गेलं रशियाचं सैन्य! आपनहून न्हाई गेलं!” कोंडीबानं बशी टेबलावर आपटली. निम्मा चहा सांडला.

गिरणीसमोरच्या हॉटेलात सकाळपासून हाच विषय. एकोणऐंशी साल संपत आलं होतं, निवडणूक तोंडावर होती, कांद्याला हात लावायची सोय नव्हती आणि लोकांना पडलं होतं अफगाणिस्तानचं. न्हाव्याकडे तेच, नळावर तेच. कोंडीबा दिसला की कुणीतरी हटकायचंच, “काय कॉम्रेड, तुमची मान्सं काबूलात कशापाई शिरली?” जणू रणगाडे यानंच हाकले होते.

तसं लोकांचं तरी काय चुकत होतं? माळशिरसाकडून आलेला हा माणूस गिरणीत माग चालवता चालवता लाल बावट्याचा वक्ता झाला होता. व्हिएतनामवर अमेरिकेचे बॉम्ब पडत होते तेव्हा याच गेटवर तो असा बोलायचा, की पाळी संपवून निघालेली माणसं डबे हातात घेऊन तशीच उभी राहायची. दुसऱ्याच्या देशात फौज घालायचा हक्क कुणाला नाही, कायद्यानं नाही आणि माणुसकीनंही नाही, हे निम्म्या गिरणीला त्यानंच शिकवलं होतं. आता तीच माणसं त्याला विचारत होती.

घरीही सुटका नव्हती. मथुराबाई विड्या वळता वळता मान वर न करता म्हणाली, “सकाळधरनं एकच वाक्य घोकताय. मला पाठ झालं. तुमाला का होईना?”

“तुला काय कळतंय त्यातलं?” तो खेकसला आणि चपला घालून बाहेर पडला.

‘बोलावलं म्हणून गेलं’ हे वाक्य जिभेवर बसत नव्हतं, कारण मध्येच रेडिओवरची बातमी आडवी यायची. तिथल्या सरकारनं फौजेला बोलावलं म्हणे. पण त्या सरकारचा अध्यक्ष फौज पोचताच मारला गेला होता आणि त्याच्या खुर्चीत दुसराच येऊन बसला होता.

गिरणीच्या गेटवर निवडणुकीची सभा होती. तिच्या आधी त्यानं पक्षाच्या नारायण वकिलांना गाठलं. “वकीलसायब, बोलावनाराच मेला. मग ह्यांना बोलावलं कुनी?”

वकिलांनी चष्मा काढून पुसला. त्यांचेही डोळे जागरणानं लाल झाले होते. “कोंडीबा, मलाही धड उत्तर सापडत नाही. पण अमेरिका तिथं पाय रोवायला टपली आहे, हे तर खरं ना? ती यायच्या आत आपले गेले. आज तू कांद्यावर बोल. कुणी विचारलंच, तर बोलावलं होतं म्हण आणि पुढं जा.”

“ती यायच्या आत जायचं, आनि त्याला मदत म्हनायचं?”

“निवडणूक होऊ दे. मग भांडू आपण.” वकील वैतागून म्हणाले आणि माईक लावणाऱ्याला हाका मारू लागले.

भोंगा झाला. पाळी सुटली. कोंडीबा टेबलावर चढला आणि कांद्यावर सुरू झाला. लोक हसले, टाळ्या पडल्या. त्यालाही जरा मोकळं वाटलं. तेवढ्यात दुसऱ्या पक्षाचा मानसिंग मागून ओरडला, “कांदा ऱ्हाऊ द्या! काबूलचं सांगा! कुनी बोलावलं हुतं?”

कोंडीबानं समोर बघितलं. डबे घेतलेली माणसं तशीच थांबली होती. त्यांच्या तोंडावर थट्टा नव्हती. तो म्हणेल ते खरं धरून ती घरी जाणार होती.

“कुनीबी न्हाई,” कोंडीबा म्हणाला.

कर्णा खरखरला आणि बंद पडला. पक्षाच्याच कुणीतरी वायर ओढली होती. कोंडीबानं हातातला माईक खाली ठेवला आणि गळ्याच्या शिरा ताणून बोलू लागला. “व्हिएतनामात शिरनं चूक हुतं, तर हेबी चूकच! आपल्या मान्सांनी केली म्हनून चूक बरुबर हुत न्हाई!”

मानसिंग गर्दी फोडत पुढं आला आणि त्यानं कोंडीबाच्या गळ्यात हार घातला. “वा कॉम्रेड! उद्या आमच्या सभेत या. हेच बोला!”

कोंडीबानं हार काढून त्याच्याच हातात कोंबला. “व्हिएतनाम जळत हुतं तवा कुटं हुता तुमी? अफगाण मेला काय नि जगला काय, तुमाला मतं पायजेत!” मग तो पुन्हा लोकांकडे वळला. “मत लाल बावट्यालाच द्या. पन ही गोष्ट बरुबर हाय, असं मी म्हननार न्हाई.”

मागच्यांना ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. ना टाळ्या पडल्या, ना घोषणा झाल्या. माणसं आपसांत बोलत पांगली. तो खाली उतरला तेव्हा नारायण वकील दुसरीकडे बघत म्हणाले, “उद्यापासून सभेला येऊ नकोस.”

गेटच्या भिंतीशी मथुराबाई उभी होती. विडी कारखान्यात वळलेल्या विड्या देऊन ती परत निघाली होती, रिकामी पाटी कमरेवर होती. आता ही तोंड सोडणार, म्हणून कोंडीबा आधीच वैतागला. पण ती नुसती बरोबर चालू लागली.

चौक ओलांडल्यावर त्याच्यानं राहवेना. “ऐकलंस न्हवं? सारी हयात घातली पक्षापाई. आज समदं घालवून बसलो.”

मथुराबाईनं पाटी कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेतली.

“इतकी वर्सं कर्ण्यातनं पक्षच बोलायचा,” ती म्हणाली. “त्यो बंद पडला, तवा कुटं तुमी बोललात.”