ओळंब्याचा कल

मधली भिंत आज पाडायची की नाही, हे सुपरवायझरबाईंनी सांगायचं होतं. घरमालकाचं कुटुंब आठवड्याभरात राहायला येणार, म्हणून कंत्राटदार घाईला आला होता. म्हातारा गवंडी मात्र घणाला हात लावेना.

"बाई, आधी ओळंबा बघा."

छताला टांगलेला ओळंबा सरळ खाली लोंबत नव्हता. त्याची दोरी वीतभर भिंतीकडे कलून निश्चल उभी होती.

"काका, सकाळी सकाळी ओळंब्यालाच चढली काय?" कंत्राटदार हसला.

बाईंनी खिडक्या लावल्या. लोखंडी ओळंबा काढून पितळी टांगला, मग दोरीला नुसता दगड बांधला. तोही तितकाच कलला. वीस वर्षांत त्यांनी ओळंब्यावर कधी शंका घेतली नव्हती, आजही घेववेना.

"थांबा, पाडू नका," त्या हळूच म्हणाल्या.

पण कंत्राटदाराने वैतागून घण घातलाच. घाव बसला, आवाज मात्र आला नाही. दोरीला बांधलेला दगड संथपणे मागे आला आणि सरळ झाला.

"बघा, उतरली!" कंत्राटदार म्हणाला.

गवंडी हसला नाही. तो बाईंकडे बघत होता. त्यांच्या गळ्यातलं ओळखपत्र छातीवरून अलगद उचललं गेलं होतं, वीतभर, भिंतीकडे.