कटकट थांबावी म्हणून

औषध सोडणाऱ्या पंपाची मेमरी मृण्मयीनं मुद्दाम भरून टाकली. मेमरी भरली की औषध अडकतं, म्हणून लगेच गजर वाजायला हवा होता. टेबलावरचा पंप ढिम्म.

"अहो सर, जागा संपली तर गजर वाजव, अशी ओळ मी स्वतः लिहिलीय!"

तिचे वरिष्ठ खांबेटे सर तिचा कोड वाचून मिशीत हसले. "आणि मेमरीत जागा देणाऱ्या फंक्शनवर हमी कुणी लिहिली, की हे कधीच रिकाम्या हातानं परतत नाही?"

"मीच. कंपायलर सारखा इशारे देत होता, त्याची कटकट थांबावी म्हणून."

"थांबली की! आपला कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा तो बिचारा भाबड्या नवऱ्यासारखा. बाईसाहेब म्हणाल्या जागा संपणारच नाही, मग गजराची ओळ हवी कशाला? उतरवताना दिली काढून."

मृण्मयी हसली नाही. हाच कोड असलेला पंप सोमवारपासून तिच्या वडिलांच्या हाताला लावलेला होता. तिनं वॉर्डात फोन लावला.

"सिस्टर, आप्पांच्या पंपाचा गजर वाजला का हो?"

"छे! सकाळपासून एकदाही नाही, ताई. फार गुणी आहे तुमचं मशीन."