सुरकुत्यांवरचं क्रीम

"आज ही गाडी विकली नाहीत, तर मी चालले माहेरी!" बायकोनं बजावलं. मास्तरांचं धाबं दणाणलं. उन्हानं डॅशबोर्ड पार तडकला होता, पॉलिश संपलेलं, आणि गिऱ्हाईक दारात. त्यांनी गुपचूप बायकोचं सुरकुत्यांवरचं क्रीम आणून चोपडलं. भेगा डोळ्यांदेखत मिटल्या. गिऱ्हाईकानं आत बसून हात फिरवला. "मास्तर, हे कोमट कसं? गाडी तर सावलीत आहे." "नवीन मटेरियल आहे," मास्तरांनी थाप मारली. गिऱ्हाईकानं नखानं टोकरून पाहिलं. डॅशबोर्डवर सरसरून काटा आला. गिऱ्हाईक चपला तिथंच टाकून पळालं. मास्तरांनी भीतभीत तळहात टेकवला. इंजिन बंद होतं, तरी आत काहीतरी धडधडत होतं. "विकली का हो?" बायकोनं खिडकीतून ओरडून विचारलं. तेवढ्यात ऊन बॉनेटवर सरकलं. घाईघाईनं छत्री उघडून काचेवर धरत मास्तर पुटपुटले, "हळू बोल. घाबरलीये ती."