सासूबाईंची तीन बोटं

ॲक्रिलिक, जेल की नुसती चिकटवायची नखं? प्रियदर्शनीच्या घरगुती पार्लरला एकाच प्रकारचं सामान परवडणार होतं, आणि मूर्तिजापुरात काय टिकेल हे तिच्या अकोल्याच्या क्लासात कोणी शिकवलं नव्हतं. मग तिनं मेथी विकणाऱ्या सासूच्या तीन बोटांवर तीन प्रकार लावले.

“मले काहून नटवून राहिली वं? बाजारातल्या बाया हसतीन!” मैनाबाई करवादल्या.

चिकटवलेलं नख पहिल्याच दिवशी मेथीच्या जुडीत गेलं. ॲक्रिलिकचं भाकरी थापता थापता तडकलं. जेलचं मात्र आठ दिवसांनंतरही लखलखत होतं.

“जेलच घेते मग,” प्रियदर्शनी म्हणाली. “बाया लय हसल्या काय, आत्याबाई?”

“हसल्या ना. सहा जणी रविवारी येऊन राहिल्या. पण आधी मायी उरलेली नऊ बोटं कर.”