शेवटाची खूण

"पहिलं गाणं! पहिलं!" टोलेडोच्या हॉलमध्ये लोकांनी गिल्ला केला आणि ड्रमवर बसलेल्या ड्वाइटने नकारार्थी मान हलवली. बास गिटार वाजवणाऱ्या वेंडेलला काढल्यापासून ते गाणं बँडने वाजवलंच नव्हतं. पण गायिका रोझलिनने सुरुवात करूनही टाकली.

वीस वर्षांपूर्वी याच गावात, एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत या तिघांनी ते बसवलं होतं. त्याला शेवट काही सुचला नाही, आणि यंत्रांच्या धडधडाटात एकमेकांचं ऐकूही येत नसे. म्हणून मनाला येईल तेव्हा वेंडेल बास गिटारची दांडी वर उचलायचा, ड्वाइट शेवटचा ठोका द्यायचा. पुढे रेकॉर्ड खपल्या, भांडणं झाली, वकील आले. वेंडेलला काढल्याच्या कागदावर ड्वाइटनेही सही केली. मार्चमध्ये वेंडेल वारला, तेही दोघांना पेपरातून कळलं.

त्याच्या जागी आलेली मेरेडिथ चोख वाजवत होती. कडवी संपली. ड्वाइटने सवयीने डावीकडे पाहिलं. दांडी हलेना.

"अगं, संपव ना!" तो ओरडला.

"कसं? मी रेकॉर्डवरून शिकलेय. त्यात शेवट नाहीच, आवाज नुसता विरत जातो!"

रोझलिन त्याच्याकडे बघत तीच ओळ पुन्हा पुन्हा गात होती. ड्वाइटचे हात भरून आले होते, तरी डोळे त्या दांडीवरून हटत नव्हते.

खाली लोक बेभान होऊन ओरडत होते, "अजून! अजून!"